वरून चौथं

डॉक गेला तो लेकीच्याच हातून. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते. तेव्हापासून बंद असलेला त्यांचा कॉम्प्युटर सुरू केल्या केल्या अपडेटची परवानगी मागू लागला आणि तिने फारसा विचार न करता ती दिली. हातातला चहा संपेपर्यंत पडद्याच्या डाव्या कडेची चित्रांची उभी पट्टी, म्हणजेच तो डॉक, नाहीशी झाली होती. त्या पट्टीतल्या चित्रावर क्लिक केलं की हवा तो प्रोग्राम उघडायचा. शोधाशोध केल्यावर कळलं, की तो डॉक बनवणाऱ्यांनी कधीच हात झटकले होते. कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालायचा, तिच्या नव्या आवृत्तीवर तो चालणार नव्हता.

शेजारी कटिंगच्या टेबलावर निळ्या कापडाचा तागा पडून होता. बँडवाल्यांचे बारा कोट. मापं आई घ्यायची, त्यांवरून बाबा कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायचे, आई ते छापून कापडावर लावायची. हे बाराही पॅटर्न बाबा काढून गेले होते. तरी आई सकाळपासून तागा परत पाठवायची भाषा करत होती. लेकीला उद्या परत जायचं होतं. आज आईने स्वतःच्या हाताने एक तरी पॅटर्न उघडला नाही, तर ती पुन्हा शिलाईच्या मशीनवर बसणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने पहिला डॉक लावला. माउसचा बाण जवळ नेला की त्यातली चित्रं टम्म फुगायची.

"अगं बाई, ही अंगावर का येतायत?" आई खुर्ची मागे सरकवत म्हणाली.

दुसरा डॉक कडेच्या आत दडून बसायचा आणि बाण टेकला की बाहेर यायचा.

"लपाछपी खेळायचं वय आहे का माझं?"

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, खाली आडवा लाव. सगळे तसाच लावतात."

"त्याला म्हणावं, आधी स्वतःचं कपाट लाव," आईने फोनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

तिसरा डॉक बरा निघाला. डावीकडे उभा, शहाण्यासारखा स्थिर. जुन्या डॉकमधल्या चित्रांची यादी एका फाइलमध्ये शिल्लक होती, त्या क्रमाने तिने चित्रं लावायला घेतली. यादीत कॅल्क्युलेटर लागोपाठ दोनदा होता. शेवटी शेवटी बाबांच्या हातून अशा चुका व्हायच्या. माणसाच्या कॉलरवरचा दोरा काढावा, तसा तिने एक काढून टाकला.

"बस आई. हुबेहूब पहिल्यासारखं केलंय."

आई बसली, माउस हातात घेतला, क्लिक केलं. पडद्यावर भलत्याच प्रोग्रामची काळीकुट्ट खिडकी उघडली. आई उठलीच.

"बघ. म्हटलं नव्हतं? ह्यांच्याबरोबर गेलं ते." तिने ताग्याचं टोक गुंडाळायला घेतलं.

"आई, चित्र बघून दाबलंस ना?"

"चित्रं कोण बघतं? चष्मा लांबचा माझा. वरून चौथं. दहा वर्षं वरून चौथं!"

"चौथं कसं? पॅटर्नचं चित्र तिसरं आहे."

"चौथंच. मधे ते बेरजेचं दोनदा आहे ना." आईचे हात थांबले. "तिथे ह्यांचं बुद्धिबळ होतं. दुपारभर खेळत बसायचे, म्हणून मीच काढायला लावलं. तर माझा आकडा चुकायला लागला, तीनदा भलतंच उघडलं. मग म्हणाले, थांब, तुझं चौथं चौथंच राहील."

लेकीने पडद्याकडे तोंड केलं आणि दुसरा कॅल्क्युलेटर परत लावायला गेली. हा डॉक घेईना. एका प्रोग्रामचं चित्र एकदाच, असा त्याचा हट्ट होता. पण आता आपण काय शोधतोय ते तिला कळलं होतं. दिसायला कसा, फुगतो का, लपतो का, सगळं बाजूला पडलं. एकच गोष्ट दोनदा ठेवू देणारा डॉक हवा होता.

तसा एक मिळाला. अगदी साधा, थोडा ओबडधोबडच. त्याने दुसरा कॅल्क्युलेटर निमूटपणे ठेवून घेतला.

आई बसलीसुद्धा नाही. तोवर उचललेला कापडावर खुणा करायचा खडू एका हातात तसाच धरून, उभ्यानेच वाकून तिने पुटपुटत मोजलं, "एक, दोन, तीन..." आणि चौथ्यावर क्लिक केलं.

पॅटर्नची यादी उघडली. बाबांनी प्रत्येक बँडवाल्याला नाव दिलं होतं. आईने चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावलं.

"'ढोलवाला, पोट धरून.' अगं, हे काय लिहून ठेवलंय ह्यांनी!" आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा ती हसली, मोठ्याने, डोळे पुसत.

प्रिंटर खडखडत जागा झाला. पहिला कागद अर्धा बाहेर येतो न येतो तोच आईने त्याचं टोक धरलं.

"गाडी किती वाजता तुझी?"

"सकाळी सातला. राहू का दोन दिवस?"

"कशाला? जा, बॅग भर. आणि ती टेबलावरून उचल आधी, कापड पसरायचंय मला."

लेकीने बॅग उचलली. ती इतकी हलकी कशी लागली, म्हणून तिने खाली बघितलं. बॅग रिकामीच होती. सकाळपासून तिने त्यात काहीच भरलं नव्हतं.