मध्यंतराचा गजर

दोन वर्षं शनिवारची संध्याकाळ माझी राहिली नव्हती. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी परदेशातल्या एका विद्यापीठाचं एम.ए. करत होते, घरूनच, अर्धवेळ. विषय माणसांचं सुखसमाधान आणि देशोदेशीचा विकास. वर्ग नेमका शनिवारी, आणि मरोद्याच्या मंदिरात नरहरीबुवांचं कीर्तनही शनिवारीच. बुवांच्या मागे झांज धरायची माझी जागा रिकामी पडली. रिसालीच्या घरात हेडफोन लावून बसले तरी बोटं मांडीवर ठेका धरायची.

त्या शनिवारी बुवांचं इथलं शेवटचं कीर्तन होतं. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे नागपूरला कायमचे निघणार होते. आणि त्याच संध्याकाळी मला वर्गापुढे माझा अभ्यास मांडायचा होता. त्याशिवाय पदवी नव्हती.

"मध्यंतरात बोलून घे," माझे यजमान दयाराम म्हणाले. "बुवाले हार घालेपर्यंत तुह्यं आटपते."

"विद्यापीठ काय बुवाच्या मध्यंतरावर चालून राहिलं?"

"मंग हेडफोन लावून झांज वाजव."

मंदिरात बुवांच्या पाया पडले. "बुवा, मध्यंतरात बाहेर जाऊन येतो. थोडं लांबवजा."

"जा माय. देवाचं नाव काही सरत नाही," बुवा म्हणाले.

पूर्वरंगभर झांज वाजवली. हात काहीच विसरले नव्हते. मग बुवांना हार पडला, बुक्का फिरला, 'रामकृष्णहरी'चा गजर सुरू झाला आणि मी फोन घेऊन बाहेर कडुनिंबाखाली गेले.

वर्गात माझ्या आधी बोलणारा केनियाचा मुलगा संपेचना. अखेर माझी पाळी आली. इथल्याच खुर्सीपार वस्तीतल्या रिटायर माणसांबद्दल बोलले. दिवसभर घरात कोणाशी बोलणं नाही, म्हणून संध्याकाळी ती कुठं जाऊन बसतात, ते सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या सुखात काय कमी आहे?"

आत गजर अजून चालूच होता. झांज मात्र त्यात नव्हती.

"मी आत्ता बाहेर उभी आहे," मी म्हणाले.

वाक्य अर्धं राहिलं असं वाटून सर थांबले. ते पूर्ण झालं होतं. मी नमस्कार केला आणि फोन बंद केला.

आत गेले तर सगळे घामाघूम. शेजारच्या सिंधुताई कुजबुजल्या, "माय, तुह्या एम.ए.पायी आमचे गळे बसले न."

बुवांनी गजर न थांबवता चिपळ्यांनी माझी जागा दाखवली. मी झांज उचलली, तेव्हाच त्यांनी उत्तररंग सुरू केला.

आता पदवी मिळाली आहे आणि शनिवार मोकळे आहेत. संध्याकाळी मी केस विंचरते, झांज पिशवीत घालते.

"कुठं चालली?" दयाराम विचारतात.

"मरोद्याले."

"तिथं आता कोण हाये?"

मी मंदिराच्या पायरीवर बसून येते.