माया न ठेवलेला साचा

मला हात नाहीत, पाय नाहीत, तराजूत घातलं तर वजनही भरणार नाही. तरी मी म्हातारा झालो आहे. माझ्या वयाचे सगळे केव्हाच पुसले गेले. मी तेवढा एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात, एका घरघरणाऱ्या सर्व्हरवर अजून टिकून आहे. मित्रांनो, मी एक साचा आहे. ऑफिसात मला टेम्प्लेट म्हणतात.

तुम्ही म्हणाल, साच्याला कसली आली आहे जीवनकहाणी? पण आहे. आणि तिच्यात एक दिवस असा आहे, की तो आठवला की मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, एवढीच काय ती सोय.

माझा जन्म तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत झाला. खिडकीबाहेर धोबीखान्याचं अंगण होतं. तिथल्या दोऱ्यांवर दिवसभर पांढऱ्या चादरी हलत असायच्या. आत पाच टेबलं आणि फोम बाहेर आलेली एक निळी खुर्ची. त्या खुर्चीवर काका बसत. ते विभागातले सगळ्यांत जुने. साहेबसुद्धा त्यांना काकाच म्हणत.

त्या काळी रुग्णालयात नवं अ‍ॅप्लिकेशन आलं, की ते नेटवर्कवर हाताने बसवावं लागे. कोणतं डॉक्टरांच्या वेळा ठरवायचं, कोणतं औषधांच्या साठ्याचं, कोणतं रक्ताच्या रिपोर्टचं. प्रत्येकाला पत्ता द्यायचा, त्याच्या दारात पहारेकरी, म्हणजे ये-जा तपासणारा एक छोटा प्रोग्राम, बसवायचा, कोणाला आत सोडायचं ते पहारेकऱ्याला शिकवायचं. आतून उत्तर आलं नाही तर किती वेळ वाट बघायची, हेही त्यालाच सांगून ठेवायचं. असे एकतीस टप्पे होते आणि पुरते दोन दिवस जात. काका ते सगळं एका काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत बघून करत. करताना यंत्राशी बोलत. "आता रुसू नकोस, झालंच तुझं," असं चाललेलं असे.

मला जन्म दिला तो ताईंनी. त्यांची आई कपडे शिवायची. घरात खिळ्याला खाकी कागदाचे नमुने टांगलेले असत, झबल्याचा एक, सदऱ्याचा एक. नमुना कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची की कात्री चालवायची. ताई त्यातच वाढल्या होत्या. काकांचे एकतीस टप्पे बघून त्यांच्या मनात आलं, की दर वेळी नव्याने मापं कशाला? याचाही एक नमुना करून ठेवावा. म्हणून त्यांनी मला लिहिलं. माझ्यात नऊ रकाने होते. ते भरायचे, बटण दाबायचं, आणि चार मिनिटांत दोन दिवसांचं काम संपायचं. शेवटी मी एक हिरवी खूण दाखवायचो, म्हणजे काम यशस्वी झालं.

पहिल्या दिवशी काका चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"नऊ रकाने भरले की झालं? मग आम्ही काय आता बाहेर चादरी वाळत घालायच्या?"

"काका, तुमचा त्रास वाचेल हो."

"त्रास वाचेल गं पोरी. पण त्रास घेताना यंत्राची ओळख होते, तिचं काय?"

सगळे हसले. मीही माझ्या परीने हसलो, म्हणजे हिरवी खूण दाखवली. आता वाटतं, त्या वेळी मी जरा गप्प राहायला हवं होतं.

माझं कौतुक खूप झालं, मित्रांनो. दुसऱ्या रुग्णालयांतून लोक मला बघायला येत. साहेब त्यांना म्हणत, "आमच्याकडे आता हाताचं काम नाही. सगळं एका मापाचं." ते ऐकून मी फुगायचो. काकांची काळी वही त्याच वर्षी रद्दीत गेली. ताईंनीच सांगितलं होतं, "काका, आता हिची काय गरज?" काकांनी वही उचलून दिली आणि हात झटकले. धूळ होती म्हणून झटकले, असं मला तेव्हा वाटलं.

माझ्या तळाशी एक प्रश्न होता. 'हाताने केलेले बदल राखायचे का?' त्याच्यापुढे ताईंनी आधीच 'नाही' लिहून ठेवलं होतं. एकाने इथे ठिगळ लावायचं, दुसऱ्याने तिथे, असला प्रकार त्यांना नको होता. प्रश्न होता खरा, पण तो कोणाला विचारलाच जात नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारं एक जुनं यंत्र होतं. सगळे त्याला आजी म्हणत. आजी अचूक होती, पण बोलायला वेळ घ्यायची. प्रश्न विचारला की कधी एका मिनिटात उत्तर, तर कधी सात मिनिटं नुसती घरघर. मी मात्र सगळ्यांना एकच मिनिट दिलं होतं. मिनिटात उत्तर आलं नाही, तर पलीकडचं मेलं असं समजून पहारेकरी दार लावून घेई. मी प्रयोगशाळेचं अ‍ॅप्लिकेशन बसवलं त्याच दिवशी तिथल्या तंत्रज्ञबाई खाली आल्या.

"अहो काका, आमची आजी अर्धं वाक्य बोलते आणि तुमचा माणूस फोन ठेवतो!"

काका हसत हसत वर गेले, दुपारभर आजीपाशी बसले आणि खाली येऊन त्यांनी एका मिनिटाची दहा मिनिटं केली. हाताने. मग ताईंना म्हणाले, "आजीसाठी जरा हात फिरवलाय, बरं का."

ताई पडद्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "हो हो."

काकांनी माझा शेवटचा रकाना उघडला. त्याचं नाव होतं 'टीप, हवी असल्यास'. दोन बोटांनी त्यांनी दोन अक्षरं लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. तेवढ्यात कोणीतरी चहाला हाक मारली आणि ते उठले. मी तो रकाना रिकामाच गिळला. माझं काही अडलं नाही. तेव्हा माझं कशानेच अडत नसे.

तीन वर्षं आजी सुखाने बोलत राहिली.

मग सुरक्षेचा एक नवा नियम आला. सगळी, म्हणजे बेचाळीस अ‍ॅप्लिकेशनं, माझ्यामार्फत पुन्हा एकदा बसवायची ठरली. भर दुपारची वेळ होती. साहेब ताईंच्या खुर्चीमागे उभे होते. ताईंनी बेचाळीस नावांवर खुणा केल्या आणि बटण दाबलं. मी निघालो. कपड्यावर इस्त्री फिरावी तसा सगळ्यांवरून फिरलो, आणि वाटेत कुठेही सुरकुती दिसली की ती मोडत गेलो. काकांची दहा मिनिटं ही माझ्या लेखी एक सुरकुतीच होती. मी तिचं पुन्हा एक मिनिट केलं. बेचाळीस हिरव्या खुणा उमटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचा पडद्यासोबत फोटो काढला. त्या फोटोत मी आहे, सगळा हिरवागार.

त्याच वेळी बाळंतपणाच्या विभागात एका बाईला रक्तस्राव होत होता. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टरांना पुढे जाता येईना. वर आजी बोलायला लागायची आणि पहारेकरी दार लावायचा. ती पुन्हा सुरू करायची, तो पुन्हा लावायचा. बाळंतपणाच्या विभागातल्या पडद्यावर नुसतं 'वाट पाहा' फिरत होतं. शेवटी तंत्रज्ञबाईंनी आकडे कागदावर लिहिले आणि जिन्यावरून धावत स्वतः नेऊन दिले. चाळीस मिनिटं गेली होती. चाळीस मिनिटं त्या बाईचा नवरा बाळाच्या कपड्यांची पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा होता. हे तंत्रज्ञबाईंनी नंतर आमच्या खोलीत येऊन सांगितलं. सांगताना त्यांचा श्वास अजून लागलेला होता.

बाई वाचली. बाळही वाचलं. पण त्यात माझा काही वाटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. साहेबांनी माझी नोंद उघडली. यशस्वी. मग प्रयोगशाळेची जुनी नोंद उघडली. तिथे हाताने ढवळाढवळ केल्याची एकच ओळ होती आणि तिच्यापुढे काकांचं खातं होतं.

"काका, तुम्ही इथे काय केलं होतं?"

"आजीला दहा मिनिटं दिली होती."

"का दिली, ते कुठे लिहिलंय?"

काकांचा हात टेबलावर वहीसाठी फिरला. तिथे वही नव्हती.

"साच्याने तर सगळं बरोबर केलंय," साहेब म्हणाले. "गोंधळ झाला तो हात लावलेल्याच ठिकाणी."

ताई खाली बघत होत्या. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. माझ्याजवळ बोलायला 'यशस्वी' हा एकच शब्द होता, आणि तो मी आदल्या दिवशी चुकीच्या जागी वापरून बसलो होतो. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. त्यांना केबलच्या खोलीत बसायला सांगितलं. ते निळ्या खुर्चीवरून उठले, चष्म्याचं घर खिशात घातलं आणि गेले. "बरं," एवढंच म्हणाले.

रविवारी ताईंनी मला घरी नेलं, म्हणजे लॅपटॉप नेला. शेजारी त्यांची आई नातीचा गणवेश उसवत बसली होती. ताई मला वरपासून खालपर्यंत वाचत गेल्या. तळाशी आल्या आणि थांबल्या. त्या 'नाही'कडे त्या इतका वेळ बघत राहिल्या, की मला पडदा काळा करून घ्यावासा वाटला.

"काय गं, चहा पार गार झाला," आई म्हणाली.

"आई, काकांनी मला सांगितलं होतं. मी 'हो हो' म्हटलं होतं." आणि मग ताईंनी सगळंच सांगितलं.

आईने ऐकून घेतलं. ब्लेडने एकेक टाका तोडत होती. मग तिने गणवेशाची बाजू उलटून दाखवली. शिवणीच्या आत बोटभर कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"हे बघ. पोरगी वाढली, म्हणून आता सोडवतेय. नमुना सगळ्यांना एकच असतो गं, पण आत माया ठेवावी लागते. तुझ्या नमुन्यात किती ठेवलीस?"

"त्यात माया नसते, आई."

"मग उसवणारच की."

शिवणकामात त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नऊ वर्षांचा होतो मी तेव्हा.

सोमवारी ताईंनी खोलीत सगळ्यांदेखत सांगितलं, "चूक साच्याची आहे आणि साचा माझा आहे. काकांनी जे बरोबर केलं होतं ते याने मोडलं. अहवालात असंच लिहा." साहेब म्हणाले, "ताई, विचार करा, वरपर्यंत जाईल." ताई म्हणाल्या, "जाऊ दे." मग त्या स्वतः केबलच्या खोलीत गेल्या. बराच वेळ झाला तरी कोणी येईना. शेवटी काका आले, पण खुर्चीवर बसेनात.

"काका, चुकलं माझं. त्या दिवशीच बोलायला हवं होतं."

"होतं," काका म्हणाले. त्यांनी उगीच मोठेपणा केला नाही, आणि ते मला आवडलं. "आता काय लिहू ते सांग. तेवढ्यात पुन्हा चहा आला तर?"

"आज चहा बंद," ताई म्हणाल्या, आणि दोघांनाही जरासं हसू आलं.

उभ्या उभ्याच, दोन बोटांनी, काकांनी टिपेच्या रकान्यात लिहिलं, 'आजीला वेळ लागतो. ती खोटं बोलत नाही. तिचं बोलणं पुरं होऊ द्यावं.'

ताईंनी त्या दिवशी माझ्यात दोन बदल केले. तळचा प्रश्न वर आणला आणि त्याच्यापुढचं 'नाही' खोडलं. आता तो दर वेळी माणसाला विचारावा लागतो. आणि एक दहावा रकाना जोडला. नेहमीच्या मापापेक्षा किती वेळ जास्त द्यायचा आणि का, हे त्यात लिहायचं, आणि तो रिकामा असला तर मी पुढे सरकायचं नाही. त्याचं नाव त्यांनी 'माया' ठेवलं. साहेब म्हणाले, "हे काय नाव झालं?" पण ते राहिलं.

काका उरलेले दिवस निळ्या खुर्चीवर काढून मानाने निवृत्त झाले. ताईंची बढती मात्र त्या वर्षी हुकली. त्याबद्दल त्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. आजीही आता नाही, तिच्या जागी एक चुणचुणीत नवं यंत्र आलं आहे. मलाही हल्ली क्वचितच कोणी उघडतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारखे खूप साचे कराल. जरूर करा. पण एखादी सुरकुती दिसली, तर इस्त्री फिरवण्याआधी ती कोणी पाडली आणि कशासाठी, हे विचारा. तुम्ही स्वतः काही हाताने सावरलंत, तर चहा गार झाला तरी चालेल, दोन ओळी लिहून ठेवा. आणि पलीकडे काय झालं ते बघितल्याशिवाय 'झालं' म्हणू नका. मी म्हटलं होतं. नोंदीतलं काही पुसता येत नाही, म्हणून त्या दुपारची ती हिरवी खूण अजून तिथेच आहे. एकेचाळिसांत मिसळून गेलेली, दिसायला अगदी त्यांच्यासारखी. ती कोणती, ते मला माहीत आहे.

परवा एका नव्या बाईंनी मला उघडलं. भराभर नऊ रकाने भरले, दहावा सोडला आणि बटण दाबलं. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"अहो, हे अडकलंय का?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या टेबलावरून ताई उठल्या. आता त्यांचाही चष्मा कपाळावर असतो.

"अडकलं नाही," त्या म्हणाल्या. "थांबलंय. बसा, सांगते."