उरलेली वीस

"शंभरात ऐंशी मुलांचा मुतखडा एकाच ऑपरेशनमध्ये साफ निघतो, ओपा. तुमच्या लेकीचं, इंतिजोरचंही तसंच दिसतंय," डॉक्टर मत्याकुबोव म्हणाले. पेशंटच्या आयांना ते ओपा, म्हणजे ताई, म्हणत. त्यांनी संमतीचा कागद पुढे सरकवला.

रोझिगुलने कागदाला हातही लावला नाही. "आणि उरलेली वीस कोण?"

"ते आधी कळत नाही."

"कळतं. तुम्ही सांगत नाही."

डॉक्टर थकल्यासारखे हसले. "उद्यापर्यंत विचार करा."

अख्ख्या उरगंज शहरात एवढी संशयी बाई शोधून सापडली नसती. पण तिचंही खोटं नव्हतं. तिचे वडील आजारी पडले तेव्हा डॉक्टर त्यांना म्हणाले होते, यंदा कापूस वेचायला तुम्ही शेतात असाल. खरं काय ते दाराबाहेर बोलावून तिला सांगितलं. पुढे ते जाईपर्यंत दीड महिना रोझिगुलने हसतमुखाने तीच थाप वडिलांना मारली. आजाऱ्यापाशी बोलायची रीतच ती. मग आता दाराबाहेर कुणाला बोलावलं असेल? नवरा तर तिकडे रशियात, बांधकामावर.

व्हरांड्यात रोबिया खाला, वॉर्डाची मावशी, फरशी पुसत होती. वीस वर्षं या वॉर्डात काढलेली बाई. रोझिगुलने तिला गाठलं.

"खाला, हे ऐंशी सगळ्यांनाच सांगतात ना?"

"छे! तीन नंबरच्या पोराला पंचावन्न सांगितले. आईने वॉर्ड डोक्यावर घेतला." खालाने फडकं पिळलं. "डॉक्टर काय मनाने सांगतो होय गं? खडा केवढा, कुठे बसलाय, आईबाप नात्यातले का, सगळं विचारतो नि हिशेब मांडतो. तुम्हीच थापा मारल्यात तर तो काय करणार?"

"नात्यातले नाही," असं रोझिगुलने डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं. नवरा तिचा सख्खा मावसभाऊ. गावच्या दवाखान्यातल्या नर्सने एकदा भर रांगेत तिला झापलं होतं, "भावांशी लग्नं करता नि वर पोरं आजारी म्हणून रडता!" तेव्हापासून तिने ही गोष्ट तोंडातून काढायची नाही असं ठरवलं होतं.

ती पलंगाशी आली. इंतिजोर कुशीवर हात दाबून पडली होती.

"आई, एकदाच कापतील ना?"

"हो" अगदी ओठांवर आलं होतं. ते काही बाहेर पडेना. रोझिगुल तशीच उलट पावली डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि नवरा मावसभाऊ असल्याचं तिने सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आधीचा आकडा खोडला. "मग हा खडा आईबापांच्या रक्तातून येणाऱ्या चिवट जातीचा असू शकतो. लवकर फुटत नाही, पुन्हा होतो. लघवी तपासू, पण तोवर साठच धरा. कदाचित दोनदा करावं लागेल."

आकडा विसाने खाली आला आणि रोझिगुलचा डॉक्टरांवर पहिल्यांदा विश्वास बसला. तिने कागद ओढून घेतला आणि सही केली.

"घरी आणखी मुलं आहेत, ओपा?"

"दोन. पण ती ठणठणीत आहेत हो."

डॉक्टरांनी लघवी तपासणीच्या आणखी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. रोझिगुल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. या खेपेला तिने खोदून काही विचारलं नाही.

"त्यांना कोणत्या वारी आणू?" एवढंच म्हणाली.