कोपऱ्यातल्या गाडीतलं अंगाईगीत

टप्प. नळाचा एक थेंब रिकाम्या पातेल्यात पडला आणि थोपटून थोपटून कसेबसे मिटलेले बाळाचे डोळे टक्क उघडले. मग त्यानं असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या.

आईनं कपाळाला हात लावला. या पठ्ठ्याला झोप यायची ती गाडीच्या मागच्या सीटवरच. आणि गाडी गिअरबॉक्सच्या दुरुस्तीला म्हणून शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जी गेली, ती माहेरी गेल्यासारखी परतायचं नावच घेईना. मॅनेजर म्हणे, पार्ट येतोय. चालत येतोय का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, उद्या नक्की.

शेवटी तिनं ग्राहक न्यायालयात तक्रार ठोकली. पण निकाल लागेपर्यंत बाळ काय जागं राहणार? म्हणून रोज दुपारी बाळ कडेवर आणि मोठ्या लेकीचं बोट हातात धरून ती वर्कशॉपच गाठू लागली. कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या आपल्याच गाडीत शिरायचं. बाहेर हातोड्यांचा ठणठणाट, आत बाळ ढाराढूर. तीही डुलकी काढून घ्यायची. मेकॅनिक आधी बुचकळ्यात पडले, मग चहा आणू लागले, मग एकानं उशी आणली. लेकीनं काचेला ओढणीचा पडदा लावला.

सुनावणीत शोरूमच्या वकिलांनी नेमका त्याचाच फोटो पुढे केला. पडद्याआड तक्रारदार, तोंड उघडं टाकून झोपलेली. बाईंनी तिथं संसार थाटलाय, मग नुकसान कसलं, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरनं री ओढली. पार्ट केव्हाच आलाय, पण बाळ उठेल म्हणून बॉनेट उघडायची कुणाची छाती होत नाही. उशीर झाला तो या बाळामुळे.

आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला.

"बाळ दुपारी झोपतं. सकाळी तुम्ही काय करता?"

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी गाडी परत द्यायला आठवड्याची मुदत लिहून टाकली.

आठवडा उलटायच्या आत गाडी दारात आली. लोण्यासारखी मऊ चालत होती, आवाज म्हणून नाही. आईनं विजयी वीरासारखं बाळाला मागच्या सीटवर निजवलं आणि गल्लीला एक फेरी मारली. बाळ टकामका बघत राहिलं. दुसरी फेरी. ओठ थरथरले. तिसऱ्या फेरीला भोकाड. लेकीनं डब्यावर चमचा बडवून पाहिला, आईनं पान्यानं बादली ठोकली. छे. त्या ठणठणाटाची सर कशालाच येईना.

आई स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. लेक मागून पुढे वाकली, तिच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली,

"आई, चांगली गाडी परत कशी बिघडवतात गं?"