यादीतले नाना

माझ्या पाळणाघराचे नियम एका फुलस्केपवर लिहून दारामागे चिकटवलेले आहेत. अकरा वर्षांत तो कागद चार वेळा बदलला, कारण पोरं खालचा कोपरा खातात. पालक पहिल्या दिवशी सगळे नियम वाचून मान डोलावतात आणि दुसऱ्याच दिवशी पोराच्या दप्तरात वेफर्सची पुडी घालून पाठवतात. मी ती पुडी संध्याकाळी तशीच परत देते, वर दोन शब्द ऐकवते. देवपुरात माझ्याबद्दल असं बोलतात की ज्योत्स्ना अक्काकडे पोरं सुधारतात आणि आईबाप त्याहून जास्त सुधारतात. मी ते नाकारत नाही.

साडेनऊला दार उघडतं. अकराला वरणभात, एक ते साडेतीन झोप, उठल्यावर केळं नाहीतर राजगिऱ्याची वडी, मग अंगणात खेळ आणि सहाला दार बंद. बाहेरचा खाऊ चालत नाही. झोपलेलं मूल उठवून द्यायचं नाही, मग घ्यायला कलेक्टर आला तरी. ताप असला तर आणायचं नाही, आणि ‘थोडासाच आहे हो अक्का’ हे मी ऐकून घेत नाही. नऊ पोरं आहेत, मी आहे आणि मदतीला धुरपदाबाई. धुरपदाबाई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. पोरं मला घाबरतात आणि ऐकतात मात्र तिचं.

यातले बाकीचे नियम मी स्वतःच अधूनमधून वाकवते. एक कधी वाकवला नाही. ज्याच्या हातून मूल घेतलं त्याच्याच हातात द्यायचं, नाहीतर फॉर्मवरच्या यादीतल्या माणसाच्या. यादीत नाव हवं, नावाशेजारी फोटो हवा.

रूपाच्या फॉर्मवर तिची आई शीतल हिने तीन नावं लिहिली होती. आई, बाबा, नाना. शीतल बँकेत आहे. नवरा योगेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात, शनिवार-रविवारी घरी येतो. त्यामुळे सव्वातीन वर्षांच्या रूपाला सोडायला आणि न्यायला रोज शीतलच यायची. नाना म्हणजे तिचे सासरे, हे मला ठाऊक होतं, पण त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. फोटो मागितला की शीतल म्हणायची, उद्या देते. असे उद्या वर्षभर चालले होते आणि मीही चालू दिले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात पहिली चूक ही आहे.

त्या बुधवारी दुपारी शीतलचा फोन आला. म्हणाली, “अक्का, आज ऑडिट आहे, मला उशीर होईल. रूपाला न्यायला नाना येतील.”

मी म्हटलं, पाठव.

चारला पोरं उठून केळी खात होती. धुरपदाबाई फाटकाशी गेली आणि तिथूनच हाक मारली, “अक्का, नाना उनात. रूपाले लेवाले.”

रूपाला न्यायला नाना आलेत म्हटल्यावर मी बाहेर आले. सत्तरीचा माणूस, धोतर, पांढरी टोपी, हातात फडक्याचं गाठोडं. पायांवर धूळ होती, म्हणजे बसस्टँडवरून चालत आला असावा, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी विचारलं, “आपण कोण?”

“मी रूपाना नाना शे,” तो म्हणाला. “झोपीसन उठनी का पोर?”

झोपेचं विचारणारा पाहुणा मला अकरा वर्षांत भेटला नव्हता, त्यामुळे माणूस एकदम आवडला. तरी मी रूपाकडे पाहिलं, कारण मूल ओळखतं की नाही हे मी बघतेच. रूपा केळ्याचा शेवटचा घास गालात ठेवून म्हणाली, “नाना.” आणि सरळ त्याच्याकडे गेली. त्याने तिला लाडाने काहीतरी म्हणत उचललं. मी वहीत वेळ लिहिली.

साडेपाचला फाटकाशी स्कूटर थांबली. सफारी घातलेले, चष्मा लावलेले एक गृहस्थ उतरले आणि म्हणाले, “रूपाला न्यायला आलो. मी वना पाटील, तिचा नाना.”

मी धुरपदाबाईकडे पाहिलं, धुरपदाबाईने माझ्याकडे, आणि दोघींनाही एकदमच उमगलं. धुरपदाबाईने माझ्याकडच्या प्रत्येक पोराला वळण लावलं आहे की टोपीवाला म्हातारा दिसला की नाना म्हणायचं. दूधवाला नाना, गॅसची टाकी आणणारा नाना, समोरचे निवृत्त गुरुजी नाना. रूपाने ओळख पटवली नव्हती, शिस्त पाळली होती. आणि मी त्या शिस्तीवर एक लेकरू परक्या माणसाच्या स्वाधीन केलं होतं.

मी शीतलला फोन लावला. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, “शीतल, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. चार वाजता एक म्हातारे आले, नाना म्हणाले, आणि मी रूपा त्यांना दिली. तुझे सासरे आत्ता इथे उभे आहेत.”

तिने विचारलं, “कसे होते?”

मी सांगितलं. धोतर, टोपी, गाठोडं.

“तिला उचलताना काही बोलले का?”

“चिमनी माय म्हणाले. मन्ही चिमनी माय.”

“अक्का, ते माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “मला लहानपणी असंच म्हणायचे. पण ते इथे कसे येतील? त्यांच्याकडे मोबाइलसुद्धा नाही. मी निघाले.”

वना नाना शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. “झिपरू? माझा व्याही?” ते म्हणाले. “तो माझ्या घरी पाय ठेवत नाही, आणि इथे येऊन नात घेऊन जातो?” त्यांच्या मते पोलिसांत जायला हवं होतं. माझ्या मते पांझरा नदीच्या काठापर्यंत बघून यायला हवं होतं. पोरं धुरपदाबाईवर सोडून मी आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषाच्या स्कूटरवर मागे बसले. आम्ही देवीच्या देवळापाशी पाहिलं, पुलाजवळ पाहिलं, उसाच्या रसाच्या गाड्यांवर विचारलं. टोपीवाले म्हातारे सतरा दिसले, कडेवर पोर असलेला एकही नाही. त्यातही वना नाना गाडी चालवता चालवता मला तीन वर्षांपूर्वीचं बारसं सांगत होते.

भांडण एवढंच होतं. रूपाच्या बारशाला वना नानांनी मुलीकडच्या सगळ्या पाहुण्यांना टोपी-टॉवेलचा मान दिला. वाटता वाटता एक जोड कमी पडला, आणि तो कमी पडला नेमका झिपरू नानांच्या वेळी. सख्खा व्याही, मुलीचा बाप, आणि हात रिकामा. वना नाना म्हणाले, तुम्ही तर घरचेच, तुम्हाला काय कमी. झिपरू नाना जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले आणि शिरपूरच्या पलीकडे आपल्या गावी निघून गेले. शीतल म्हणाली, बाप माझ्या घरी येईल तेव्हाच मी माहेरी जाईन. बापलेक दोघं एकाच मातीचे. फोनवर ती रोज बोलायची, पण आईशी.

“टॉवेल पंच्याण्णव रुपयांना मिळतो,” मी मागून म्हटलं. “दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा होता.”

“मीच का जाऊ?” वना नाना म्हणाले. मी पुढे बोलले नाही, कारण गाडी त्यांच्या हातात होती.

सहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही रिकाम्या हाताने परतलो. शीतल रिक्षातून उतरत होती. तिचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. तिने मला एकच वाक्य ऐकवलं. “अक्का, एका तुमच्यावरच मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.” आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकाला टोपी दिसली.

झिपरू नाना सावकाश येत होते. रूपा त्यांच्या खांद्यावर झोपली होती. एका हाताने तिला धरलेलं, दुसऱ्या हातात ते गाठोडं तसंच बांधलेलं. फाटकापाशी आले, शीतलला पाहिलं, व्याह्याला पाहिलं, आणि कुणाशीही न बोलता माझ्यापुढे उभे राहिले. “ल्या अक्का,” ते म्हणाले. “सहाले दार बंद करतस ना तुम्ही. जठेन लिधी तठेच दिधी.”

जिथून नेली तिथेच आणून दिलेली रूपा मी घेतली. तिच्या अंगाला उन्हाचा वास येत होता. पोर हातात आली तशी मी ओट्यावर बसलेच.

“आबा, मला एक फोन तरी करायचा,” शीतल म्हणाली. “घरी का नाही आलात?”

“याहीना घर बिगर बलायेल कसा येऊ?” झिपरू नाना म्हणाले. व्याह्याच्या घरी बिनबोलावता जायचं कसं, हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. “आठे कोनं घर शे? आठे बठ्ठासना पोरं येतस. मी बी ऊनू.”

इथे सगळ्यांचीच पोरं येतात, म्हणून ते इथे आले होते. बाकीचं मग हळूहळू कळलं. शीतल रोज आईशी फोनवर बोलते तेव्हा आई फोन स्पीकरवर ठेवते आणि हे ओसरीवर पाठ करून बसलेले असतात. रूपा काय जेवली, किती झोपली, अक्का कशावरून रागावली, शीतलचं ऑडिट कोणत्या दिवशी आहे, सगळं त्यांना पाठ होतं. म्हणून ते चारच्या आधी आले नाहीत. नदीकाठी एका झाडाखाली बसून तिला पाणी पाजलं, बैल दाखवले, आणि ती पेंगल्यावर एवढं सगळं अंतर चालत आणलं.

“आणि त्या गाठोड्यात काय आहे?” मी विचारलं.

“लाडू. शेंगदाणासना. तिनी आजीनी धाडात.” त्यांनी गाठोडं जरा मागे लपवलं. “दिधा नही मी तिले. बाहेरना खाऊ चालस नही ना तुमले.”

खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं. माझा नियम देवपुरातल्या शिकलेल्या एकाही पालकाने कधी पाळला नव्हता. आणि हा माणूस सातपुड्याच्या पायथ्यापासून नातीसाठी लाडू घेऊन आला होता आणि दोन तास हातात तसेच धरून बसला होता.

शीतल म्हणाली, “चला आबा, घरी चला.”

त्यांनी वना नानांकडे पाहिलं. वना नानांनी स्कूटरच्या आरशाकडे पाहिलं. शीतल एकदा इकडे पाही, एकदा तिकडे. बोलावणं आल्याशिवाय एक हलणार नव्हता आणि दुसरा बोलावणार नव्हता. असं मिनिटभर चाललं आणि माझं डोकं फिरलं. दिवसभराची भीती होती, ती कुठेतरी निघायचीच होती.

“धुरपदाबाई, सतरंजी टाक,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं आत या. चपला बाहेर. माझ्याकडे भांडणारी पोरं एका सतरंजीवर बसतात आणि एका ताटात खातात. ताट संपेपर्यंत उठायचं नाही. तुम्हाला वेगळा नियम लावणार नाही.”

ते दोघं बसले, याचं मला आजही नवल वाटतं. बहुतेक घाबरले असावेत. धुरपदाबाईने गाठोडं सोडून लाडू ताटात काढले. घ्यायला आलेले दोन पालक दारात उभे राहून बघत होते, त्यांना मी नजरेनेच परत अंगणात पाठवलं. पहिला लाडू बराच वेळ कुणी उचलला नाही. मग वना नानांनी उचलला, मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा व्याह्यापुढे धरला.

“गूळ जास्ती शे,” ते म्हणाले. सफारीतल्या त्या माणसाच्या तोंडून मी तोवर अहिराणी ऐकली नव्हती.

“तुमले गोडच आवडस ना,” झिपरू नाना म्हणाले. “बारशाले बी तुम्ही चार जिलब्या जास्ती खाध्यात. मी मोजी व्हत्यात.”

वना नाना हसले नाहीत, पण खोकले. तोंड पुसलं आणि म्हणाले, “चाला याही. घर चाला. गाडीवर बसता येस का?”

अंधार पडायच्या आत दोघं स्कूटरवर, मागे रिक्षात शीतल आणि झोपलेली रूपा, असे गेले. जाताना शीतलने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. समेट त्यांचा झाला होता. माझी चूक जागच्या जागी होती. आज योगायोगाने ते तिचे वडील निघाले, दुसरं कुणी असतं तर? उरलेल्या पालकांना मी स्वतःहून सगळं सांगितलं. दोघांनी धीर दिला, एकीने पोराला जरा जास्तच घट्ट धरून नेलं. तिचंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, रूपा आली नाही. वरणाला फोडणी देताना फोन वाजला.

“अक्का, रूपा काही दिवस येणार नाही,” शीतल म्हणाली.

मला अपेक्षित होतं. नाही म्हणायची ही सभ्य पद्धत असते, मी ती ओळखते. म्हटलं, “समजलं गं. तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली तर चालेल ना?”

“अहो, नाही. घरी नाना आहेत ना, ते तिला सोडत नाहीत.”

“कोणते नाना?”

“दोघंही. सकाळपासून भांडतायत, तिला आंघोळ कुणी घालायची म्हणून.” ती हसली, आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. “काल मी तुम्हाला नको ते बोलले. सोमवारी पाठवते तिला. तुम्ही घ्याल ना?”

मला विचारत होती, घ्याल ना. फोडणी करपली तरी मला गॅस बंद करायचं सुचेना.

“साडेनऊला आण,” मी म्हटलं. “आणि दोघांचे फोटो आण. त्याशिवाय दार उघडणार नाही.”