मेथरांचा जुना फिल्टर

"पंधरा-चाळीसचा ऑइल दी," बाबल मेथर माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन म्हणाले. चार महिन्यांत तिसऱ्यांदा.

"आणि फिल्टर?"

"नको."

माझं डोकंच फिरलं. होड्या वाळूवर ओढणाऱ्या त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन खडखडत होतं, ऑइलचा लाल दिवा विझत नव्हता, आणि हा माणूस तुंबलेल्या फिल्टरवर नवं ऑइल ओतत होता.

"न्हावन परत मळके कपडे घालतास?" मी ओरडलो. नवा फिल्टर घेऊन त्यांच्यामागोमाग किनाऱ्यावर गेलो आणि स्वतःच ट्रॅक्टरखाली शिरलो.

जुना फिल्टर मीठ-चिखलाने माखला होता. फक्त एक जागा रोज पुसल्यासारखी स्वच्छ होती. तिथे पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: '१४-९-०६. बाबा, शिमग्याक बदल.'

अक्षर दिगंबरचं. फिल्टर बसवला की तारीख घालायची त्याची सवय होती. त्या वर्षी दिवाळीआधी मासेमारीला गेलेला बाबलचा हा मुलगा परतलाच नाही. त्याला आता दोन शिमगे झाले.

"काढतंस?" बाबलनी वरून हळूच विचारलं.

मी पाना खाली ठेवला. नवा फिल्टर पिशवीत टाकला आणि जुन्यावरच ऑइल ओतलं.