न कुजलेल्या वस्तू

आधी कांदा सडला. मग अंडं, मग साबण, मग दात घासायची पेस्ट. एका सकाळी नवरा शेजारी येऊन बसला आणि तोही सडलेला निघाला.

खरं तर घरात काहीच सडलं नव्हतं. नाकबाईला ताप येऊन गेला होता, साऱ्या गल्लीला आला तसाच साधा ताप. त्यात वास पूर्ण गेला, आणि परत आला तो वाकडा होऊन. भाजलेलं, तळलेलं, घामाचं, सुगंधी, नाकाशी जे येई त्याला एकच वास. नासलेल्या अंड्यात जळका रबर बुडवून ठेवावा तसा. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. फोटो येईपर्यंत तिने मनातल्या मनात सगळे आजार भोगून घेतले. फोटोत वाईट काही निघालं नाही.

"नाकातल्या नसा नव्याने जुळतायत," डॉक्टर म्हणाले. "जुळताना चुकतात. काही महिने लागतील, कुणाला वर्षही लागतं. काहींच्या बाबतीत..." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

नाकबाई हे तिचं दूध केंद्रावरचं नाव. सकाळी गाड्या आल्या की ती एकेका कॅनचं झाकण उघडायची, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "जाऊ दे" किंवा "परत". बाकीच्या तपासण्या नंतर व्हायच्या. ती 'परत' म्हणाली की वाद नसे. दूधवाले मागे तिच्या नाकाच्या नावाने बोटं मोडत आणि समोर तिला चहा पाजत. तापानंतर ती कामावर गेली आणि पहिल्या गाडीतले सगळे कॅन तिने परत केले. दुसऱ्या गाडीच्या वेळी साहेबांनी तिच्या हातातलं झाकण अलगद काढून घेतलं. "थोडे दिवस आराम करा, बाई." तेव्हापासून ती घरी होती.

घरी म्हणजे वासाच्या तोंडी. ती थंड भात आणि काकडी खायची, साध्या पाण्याने चूळ भरायची, तोंडाने श्वास घ्यायची. नवऱ्याच्या घोरण्याची तक्रार काढून तिने मागच्या खोलीत गादी टाकली. तीस वर्षं घोरणं ऐकून झोपलेली बाई अचानक तक्रार करते, हे नवऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. दोन दिवस त्याने बिनसाबणाची आंघोळ करून पाहिली. फरक नाही म्हटल्यावर तो दारातच उभा राहून बोलायला लागला.

घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कुलूप-किल्लीचं दुकान होतं. किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन कुणी आलं की तो मोठा जुडगा काढायचा आणि एकेक किल्ली लावून बघायचा. गिऱ्हाईक उतावीळ झालं तर म्हणायचा, "जोर लावला की किल्ली मोडते. बसा." कुलूप उघडलं की एकच शब्द बोलायचा. "लागली."

एका दुपारी तो मागच्या खोलीच्या दारात आला आणि हात लांब करून एक कोरी किल्ली पुढे धरली. दाते न कापलेली, नवी.

"हिचा वास घे."

"कशाला?"

"घे तर."

तिने नाक जवळ नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. काही नाही. गार लोखंडासारखं काहीतरी, पण सडकं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक वस्तू तिच्या नाकाशी येऊन गप्प राहिली होती.

"हिला नाही येत," ती म्हणाली.

"लागली," म्हणून तो दुकानात निघून गेला. किल्ली मात्र ठेवून गेला.

मग हा रोजचाच उद्योग झाला. गिऱ्हाईक नसलं की तो काहीतरी घेऊन दारात हजर. काचेची गोटी, खडू, लाकडी चमचा, पुठ्ठा, मीठ.

"चमचा?"

"शी."

"कितपत शी?"

"तुमच्यापेक्षा कमी."

"अगं, मग प्रगती आहे."

गोटी पास झाली, खडू पास झाला. पुठ्ठा नापास. सुती दोऱ्याचं रीळ पास. नदीवरचा एक चपटा दगड कोरडा असताना नापास आणि ओला केल्यावर पास झाला, तेव्हा दोघांनी त्यावर बराच खल केला. पास झालेल्या वस्तू ती खिडकीच्या कट्ट्यावर मांडायची. आधी नुसत्या मांडल्या, मग लहान-मोठ्या लावल्या, मग रंगाने. हातांना काम हवं होतं. एक दिवस तिने दुकानातल्या चुकून जास्त कापल्या गेलेल्या किल्ल्या मागून घेतल्या, दोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर बांधल्या आणि खिडकीच्या गजाला टांगल्या. वारा आला की त्या एकमेकींवर आपटायच्या. बरं दिसत होतं. ती रोज त्यातली एखादी किल्ली सोडून दुसरीकडे बांधायची आणि लांब जाऊन बघायची. तेवढा वेळ किळस बाजूला राहायची.

हे नणंदेला कळलं असतं तर तिने त्याला काहीतरी नाव दिलं असतं. नणंद फोनवर कसल्याशा वर्गाला जात होती, आणि रोज सकाळी साऱ्या नातेवाइकांना फुलांचं चित्र पाठवून विचारायची, 'आज कशाचे आभार मानले?' एका रविवारी ती स्वतःच आली. अंगभर अत्तर, हातात सुवासिक मेणबत्ती.

"वहिनी!" म्हणून तिने मिठी मारली. नाकबाईच्या पोटातला थंड भात घशापर्यंत आला.

"हे सगळं मनात असतं हो."

"मनात नाही, ताई. नाकात आहे."

"तेच तर! आपण वाईटाचा वास घेत बसतो. सकाळी उठल्याबरोबर पाच गोष्टींचे आभार मानायचे. डोळे आहेत, पाय आहेत, घर आहे..." असं म्हणत तिने मेणबत्ती पेटवली.

नाकबाई मोरीत जाऊन ओकली. बाहेर नणंद भावाला सांगत होती, "निघून जातंय बघ सगळं. चांगलं लक्षण आहे."

"ताई, तू विझव आधी ती," भाऊ म्हणाला.

ती गेल्यावर नवऱ्याने मेणबत्ती कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि डबा गल्लीच्या टोकाला ठेवून आला. नाकबाई अजून मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली होती. तिला नणंदेचा राग नव्हता. शिसारी आली होती, आणि ती नुसती अत्तराची नव्हती. पोट ढवळून ओकणाऱ्या माणसाला आभाराचा हिशेब विचारावा, यात काहीतरी ओशट होतं, ताटाला लागून राहिलेल्या तेलासारखं.

त्याच आठवड्यात लेक आली. जावई जहाजावर नोकरीला होता आणि तिची मुलगी अजून तान्ही होती, म्हणून ती महिनाभर राहायला आली. दारातच तिने दुपट्यातलं गाठोडं पुढे केलं.

"घे. आजी, घे."

नाकबाईने हात पुढे केले. बाळ जवळ आलं आणि वास आला. दूध, तोंडातून ओघळून मानेच्या घडीत सुकलेलं दूध, त्यावर पावडर, त्यावर ऊब. सगळं मिळून असं काही सडलेलं की तिच्या जिभेवर आपोआप शब्द आला. परत.

तो तिने ओठांतून बाहेर पडू दिला नाही. पण आला होता. तिला स्वतःचीच किळस आली.

"हात ओले आहेत," ती म्हणाली, आणि कोरडे हात पदराला पुसत आत गेली.

लेकीला खायचा त्रास ठाऊक होता, बाकीचं नव्हतं. 'आईचं तोंड गेलंय, काही चव लागत नाही' एवढंच तिला फोनवर सांगितलं होतं. माणसांचंही तसंच होतं, हे कोण कसं सांगणार? त्यातून एका गोष्टीने सगळं आणखी बिघडवलं. लंगोटांचा नाकबाईला वास येत नव्हता. कांदा, साबण, अत्तर, नवरा, नात, सगळं सडलेलं. आणि जे खरंच घाण ते मुकं. तेव्हा लंगोटांचं काम तिने आनंदाने अंगावर घेतलं. भरलेला लंगोट दिसला की ती धावून जायची, तो गार पाण्यात साबणाशिवाय खळबळायची, मग उकळत्या पाण्याची बादली ओतून वाफ नाकाशी यायच्या आत दाराबाहेर पळायची. आपण काहीतरी करतोय, एवढं तिला पुरत होतं. बाळ रडलं की मात्र ती दुसऱ्या खोलीत असायची. बाळाला न्हाऊ घातलं, पावडर लावून बाहेर आणलं, की ती गच्चीवर.

लेक सगळं बघत होती.

शुक्रवारी दुपारी लेकीने पिशवी भरायला घेतली.

"काय गं?" नवऱ्याने दुकानातून विचारलं.

"उद्या सकाळची गाडी आहे, बाबा. जाते."

"महिना कुठे झालाय?"

"महिना काढून काय करू? आईला बाळ नको, नुसते लंगोट लागतात." ती आईकडे वळली. "आई, मोलकरीण मी घरी ठेवू शकते. मला आई हवी होती. जहाजावरच्याशी लग्न करू नकोस म्हणालीस, मी केलं. मला बोल हवं तर. तिने काय केलंय तुझं? एकदा म्हणून मांडीवर घेतलं नाहीस. ती जवळ आली की तुझा चेहरा बघितलायस का कधी? घाण बघावी तसा होतो."

नाकबाई मान खाली घालून उभी होती.

"सांग की तिला," नवरा म्हणाला.

"काय सांगू?"

"जे आहे ते. नाहीतर मी सांगतो, आणि मी सांगितलं तर वाईट सांगेन."

"मला तिचा वास येतो," नाकबाई म्हणाली. "नासल्याचा. सगळ्यांचाच येतो. तुझ्या बाबांचा येतो, म्हणून मी मागे झोपते. तुझा येतो. पण तिचा सगळ्यात जास्त येतो. दूध आहे ना ते. माझ्या तोंडात 'परत' आलं गं. माझ्या नातीला मी परत म्हणणार होते."

लेकीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"माझं बाळ सडलंय म्हणतेस."

"माझं नाक सडलंय."

"आणि लंगोट?"

"लंगोटाला वास नाही."

"काय?"

"नाही येत. काहीच नाही."

लेक आईकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून फुस्सकन आवाज आला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, तिलाही कळलं नसावं. "म्हणजे शू-शीला वास नाही आणि न्हाऊ घातलेल्या पोरीला आहे? आई, हे कुणाला सांगू पण नकोस."

"कुणाला सांगितलं होतं का?"

बाळ गादीवर पडून वर बघत होतं. खिडकीतल्या किल्ल्या हलल्या, आणि त्याचे डोळे तिकडे वळले.

"हे तिच्यासाठी केलंस?" लेकीने विचारलं.

'हो' म्हणणं सोपं होतं. "नाही," नाकबाई म्हणाली. "माझ्यासाठी. ह्यांना वास येत नाही." आणि तिने कट्ट्यावरच्या वस्तू दाखवल्या. गोटी, खडू, रीळ, वाटीतल्या पाण्यात बुडवलेला दगड. "बाबा एकेक आणून देतात, मी वास घेते. लागलं तर ठेवते."

लेकीने दगड पाण्यातून काढून हुंगला आणि परत ठेवला. पिशवी अर्धी भरून पडलेली होती. तिने बाळाला उचललं.

"मग हिलाही लावून बघू. अख्खी नको. एकेक."

"अगं, नको," नाकबाई मागे सरकली. "मला ओकारी आली तर?"

"आली तर आली. ती माझ्यावर रोज ओकते."

लेकीने बाळ दोन हातांवर पुढे धरलं. नवरा दुकान सोडून दारात येऊन उभा राहिला, नेहमीच्या अंतरावर.

"टाळू."

"शी."

"कान?"

"शी. थोडी कमी."

"मान?"

नाकबाईने तोंडावर हात दाबला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. लेकीची मान ताठ झाली. पण ती बाळ धरून थांबली.

"जोर लावू नका," नवरा म्हणाला. "हळू."

नाकबाई परत आली. हाताचा तळवा नापास, त्यात दुपट्याचं सगळं मुरलेलं होतं. कोपर नापास. पोट तर नकोच. गुडघ्यापाशी ती क्षणभर थांबली, मग तिने मान हलवली.

"पाय राहिले," लेक म्हणाली. तिने मोजे काढले. दुगाण्या झाडून बाळाने पाय मोकळे केले. लेकीने वाटीतल्या गार पाण्यात बोटं बुडवली आणि एक टाच पुसली. बाळ दचकलं, पण रडलं नाही.

नाकबाई वाकली. झाकणाशी वाकायची तशीच, डोळे मिटून.

ती तशीच राहिली.

"आई?"

"थांब." तिने पुन्हा श्वास घेतला. ओल्या दगडाचा वास होता, किंवा कसलाच नव्हता. त्याच्या मागे कुठेतरी ते सडकं होतं, पण भिंतीपलीकडे असावं तसं. चांगला वास नव्हता. नातीचा वास असा असेल हे तिने कधी कल्पिलंही नव्हतं, आणि उद्या ही टाचही जाईल, हेही तिला माहीत होतं. कालपर्यंत पास असलेलं मीठ आज सकाळी गेलं होतं.

"लागली?" दारातून नवऱ्याने विचारलं.

"लागली," ती म्हणाली.

लेकीने बाळ तिच्या मांडीवर उलटं ठेवलं, डोकं गुडघ्यांकडे, पाय नाकाकडे. नाकबाईचे हात आखडलेले होते. तिने ते हळूहळू बाळाच्या पाठीखाली घातले. बाळ वजनाला होतं त्याहून जड लागलं.

"असं कुणी मूल धरतं का?" लेक म्हणाली. तिचा आवाज अजून रुसलेलाच होता. पिशवी मात्र तिने पायाने कोपऱ्यात सारली.

नवऱ्याच्या खिशातला फोन वाजला. नणंदेची फुलं. 'आज कशाचे आभार मानले?'

"काय लिहू?" नवऱ्याने विचारलं.

"काही लिहू नका."

बाळाने पाय आखडला आणि जोरात सोडला. टाच नाकावर बसली. नाकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने नाक बाजूला घेतलं नाही.